लास वेगासचं टाइमशेअर रिसॉर्ट आणि सही रद्द करायचे पाच दिवस

भारतातून आलेले आई-वडील आणि मुलं यांना घेऊन लास वेगासला जायचा बेत असेल आणि ‘तीन रात्री, दोन बेडरूमचा सूट, अगदी स्वस्तात’ असा फोन किंवा ईमेल आला असेल, तर बुकिंग करण्याआधी हे वाचा. अशा फोनमागे बहुधा टाइमशेअरची विक्री असते, म्हणजे रिसॉर्टमध्ये दर वर्षी काही दिवस राहायचा हक्क विकणं. आमच्या घरातले हजारो डॉलर यात गेले. माझ्या सासऱ्यांच्या मनाला जे लागलं, ते पैशांत मोजता येणार नाही.

रिसॉर्ट वाईट नव्हतं, हे आधी सांगते. उलट कुटुंबासाठी फार सोयीचं होतं. स्ट्रिप या लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत लिफ्टपर्यंत पोहोचायचं तर मुलांना घेऊन कसिनोच्या मशीनांमधून, सिगारेटच्या धुरातून जावं लागतं. इथे कसिनोच नव्हता. पूर्ण स्वयंपाकघर होतं, कपडे धुवायचं मशीन होतं, मुलांसाठी लेझी रिव्हर, म्हणजे ट्यूबवर तरंगत फिरायचा पाण्याचा पाट होता. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लावला. शाकाहारी, मधुमेही ज्येष्ठांना घेऊन नेव्हाडा-ॲरिझोनात फिरणाऱ्यांना अशा स्वयंपाकघराची किंमत कळते. आपली कुटुंबं या जागांकडे का वळतात, हे विकणाऱ्यांनाही नेमकं ठाऊक असतं.

चेक-इन झालं, किल्ली मिळाली. पण पार्किंग पाससाठी आम्हाला बाजूच्या दुसऱ्या टेबलावर पाठवलं. ते टेबल विक्री विभागाचं असतं, हे कुणी सांगत नाही. आमच्या स्वस्त दराची अट तिथे पुन्हा वाचून दाखवली गेली: नवरा-बायको दोघांनी ९० मिनिटांच्या प्रेझेंटेशनला बसायचं, नाहीतर खोलीचं भाडं पूर्ण दराने कार्डावर लागेल. बसलात तर ग्रँड कॅन्यनच्या वेस्ट रिमची, तिथल्या काचेच्या स्कायवॉकची बस टूर घरातल्या सगळ्यांना मोफत. टेबलावरची बाई म्हणाली, आई-बाबांनाही आणा, नाश्ता आहे.

ती ९० मिनिटं सकाळी सुरू झाली आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी संपली नाहीत. मुलांना वेगळ्या खेळघरात नेलं होतं. माझ्या नवऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स ‘टूरची नोंद करायला’ म्हणून घेतलं ते अगदी शेवटी परत दिलं. बाहेर ४० अंशांच्या वर ऊन, त्यामुळे आई-बाबांना बाहेर पाठवायचीही सोय नव्हती. गोळ्यांची वेळ झाली म्हणून मी उठले की ‘बस, पाच मिनिटं’.

पहिल्या विक्रेतीला आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. मग टेबलावर एक भारतीय माणूस आला. आल्या आल्या बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पाया पडला. हिंदीत बोलायला लागला, ‘अंकल, हम लोगों के लिए तो फॅमिली ही सब कुछ है’. त्याने आमच्याकडे पाठ केली आणि फक्त बाबांशी बोलत बसला. तुमचं गाव कुठलं, भावंडं किती, सगळे एकत्र कधी भेटता. बाबांचं मूळ गाव गोव्यात, पेडण्याजवळ. तिथलं घर वाटण्यांमध्ये गेलं, आता उतरायला हक्काची जागा नाही, ही त्यांची जुनी सल. ती त्यांनी त्याला सांगितली. त्याने लगेच टॅबलेटवर गोव्यातल्या रिसॉर्टचे फोटो काढून दाखवले. हे पॉइंट्स (राहायचे दिवस ज्यांत मोजतात ते) घेतले की दर डिसेंबरात एक आठवडा गोव्यात, सगळ्या नातवंडांसकट, वेगळा पैसा द्यायचा नाही, असं तो म्हणाला. आम्ही दोनदा विचारलं, वेगळा काहीच खर्च नाही? तो दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणाला. बाबा माझ्या नवऱ्याला म्हणाले, “घे रे. माझ्यामागे तुम्ही सगळे तिथे जमाल तरी.”

मग किमतीचा खेळ. ४० हजारांच्या वरचा आकडा ‘मॅनेजर’ नावाच्या तिसऱ्या माणसाने २१ हजार डॉलरवर आणला, पण फक्त आजच्यापुरता. उद्या विचार करून येतो म्हटलं, तर उद्या ही किंमत नाही. ‘तुम्हाला किती कर्ज मिळू शकतं ते बघू’ म्हणून जो फॉर्म भरून घेतला, तो नव्या क्रेडिट कार्डाचा अर्ज होता, आणि १० टक्के डाउन पेमेंट त्याच कार्डावर लावलं गेलं. उरलेल्या रकमेवर व्याज १७ टक्के. कागद टॅबलेटवर एकामागून एक सरकत होते, अंगठ्याने आद्याक्षरं करत जायचं. त्यातल्या एका चौकटीत लिहिलेलं होतं, की खरेदीदाराने कुठल्याही तोंडी आश्वासनावर विसंबून हा करार केलेला नाही. तोंडी सांगितलेलं गोवा त्या एका ओळीने पुसून टाकलं. चार तास तोंडी बोलायचं आणि त्यातलं काहीही खरं धरलेलं नव्हतं असं शेवटी समोरच्याकडूनच लिहून घ्यायचं, ही पद्धत मी फसवणूकच समजते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेव्हाडाच्या कायद्यात, टाइमशेअरच्या ११९ए या प्रकरणात, खरेदीदाराला करार रद्द करायचा हक्क आहे. सही केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून पाचव्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवलं की करार रद्द होतो. कारण द्यावं लागत नाही. हा हक्क तुमच्याकडून कुणी सोडवून घेऊ शकत नाही. पण हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवारही त्यात धरले जातात. कॅलिफोर्नियात हीच मुदत सात दिवसांची आहे. प्रत्येक राज्याची मुदत वेगळी असते.

आमचे ते पाच दिवस कुठे गेले बघा. मोफत मिळालेली स्कायवॉकची टूर पहाटे निघून संध्याकाळी परतणारी, ती दुसऱ्याच दिवसाची दिली. त्यानंतर हूव्हर डॅम, मग फिनिक्सपर्यंतचा लांबचा प्रवास, मुलांचे कपडे, ऑफिस. कराराच्या प्रती एका सुंदर कातडी फोल्डरमध्ये, जाड माहितीपुस्तिकांच्या खाली, एका पेन ड्राइव्हमध्ये होत्या. रद्द करायची सूचना कायद्याने द्यावी लागते म्हणून दिलेली होती, पण आमच्याशी बोललेल्या एकाही माणसाने तिचा उच्चार केला नव्हता. सुट्टीवर आलेला माणूस सुट्टीत कागद वाचत नाही, या भरवशावर हा धंदा चालतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

गोव्याचं बुकिंग करायला फोन केला तेव्हा उलगडा झाला. गोवा त्यांच्या स्वतःच्या रिसॉर्टांत नव्हतंच. ते टाइमशेअरची अदलाबदल करून देणाऱ्या दुसऱ्या कंपनीतून मिळतं, तिचं वार्षिक सभासदत्व वेगळं, प्रत्येक अदलाबदलीची फी वेगळी, डिसेंबरच्या आठवड्याला लागणारे पॉइंट्स आमच्याकडच्या पॉइंट्सच्या दुप्पट, आणि ते असते तरी जागा शिल्लक नव्हती. वर मेंटेनन्स दर वर्षी १,१०० डॉलर, ते वाढत जाणार, आणि त्याला शेवटची तारीख नाही.

नेव्हाडाच्या रिअल इस्टेट डिव्हिजनकडे आम्ही तक्रार केली. टाइमशेअर विकणाऱ्यांना परवाने हाच विभाग देतो, त्यामुळे तक्रार तिथेच करावी, आणि तुम्हीही करा. आमच्या बाबतीत कंपनीने ती आद्याक्षरांची चौकट पुढे केली. तोंडी काय बोललं गेलं, याचा आमच्याकडे पुरावा नव्हता.

मग ‘तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक आहे’ असे फोन सुरू झाले. ही दुसरी फसवणूक पहिल्यापेक्षा क्रूर आहे. गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर आणि कागदपत्रांचे पैसे आधी भरा, असं सांगतात. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या मालकांना असं लुबाडण्यामागे तिथली ड्रग्ज टोळी असल्याचा इशारा एफबीआय आणि अमेरिकेच्या अर्थखात्याने जुलै २०२४ मध्ये दिला. एफबीआयच्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांनी त्यात जवळपास ३० कोटी डॉलर गमावले. ‘करारातून बाहेर काढतो’ म्हणून हजारो डॉलर आगाऊ घेणाऱ्या कंपन्यांनाही एक पैसा देऊ नका. जुन्या टाइमशेअरला बाजारात जवळजवळ किंमत नसते. लोक एका डॉलरला विकायला काढतात तरी घेणारा मिळत नाही. विकणारी कंपनीच काही वेळा करार परत घेते, पण कर्ज पूर्ण फिटलेलं असेल तरच. आम्ही बचत मोडून कर्ज फेडलं आणि लेखी अर्ज करून तसंच केलं. भरलेलं सगळं गेलं, मेंटेनन्सचं बिल तेवढं थांबलं.

तुमची नेव्हाडातली मुदत अजून संपली नसेल, तर विक्रेत्याला फोन करू नका. तो तुम्हाला बोलण्यात गुंतवेल आणि दिवस काढेल. कागदावर दोघांची नावं, कराराचा क्रमांक, सहीची तारीख आणि ‘आम्ही हा करार रद्द करत आहोत’ एवढंच लिहा. ज्यांनी ज्यांनी करारावर सही केली, त्या सगळ्यांनी सह्या करा. करारात रद्द करण्यासाठी दिलेल्या पत्त्यावर पोस्टाने सर्टिफाइड मेलने, पोहोचपावतीसह पाठवा; पत्राचा फोटो आणि पावती जपा. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत सगळे पैसे परत करणं कायद्याने बंधनकारक आहे. नवं कार्ड काढलं गेलं असेल तर त्या बँकेलाही वेगळं कळवा. पत्र लिहिताना कुणाला अडलं तर मला विचारा, मुदत संपत आली असेल तर रात्री-अपरात्रीही विचारा.