एकट्याचा टेंट: काश्मीरची तळी, रत्नागिरीची हवा

गेल्या उन्हाळ्यात घेतलेला एकमाणशी टेंट अजून वापरात आहे. डोंगरात त्याने कुठेच दगा दिला नाही. त्याचा कस लागला तो रत्नागिरीत, घरी ठेवताना. कोकणात राहून हिमालयात एकट्याने फिरणाऱ्यांनी टेंट घेताना याचा विचार आधी करावा असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

टेंट दुहेरी कापडाचा आहे: आत जाळी, बाहेर फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं कापड. पोल ॲल्युमिनियमचे, वजन दीड किलोच्या जरा वर. ट्रेकिंगच्या काठीवर ताणून उभे करायचे टेंट याहून हलके मिळतात, पण ते पूर्ण पेगवर, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांवर, अवलंबून असतात आणि आमच्याकडे सड्यावर, जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, पेग शिरतच नाही. जांभ्यावर हातोडी मारा, पेगच वाकतो. म्हणून पोलवर आपला आपण उभा राहणारा टेंट घेतला. जूनच्या वाऱ्यात सड्यावर चारही कोपऱ्यांना चिरे बांधून तो लावायचा सराव केला. एकट्याने जायचं तर हा सराव हवाच, कारण वाऱ्यात फ्लायचं दुसरं टोक धरायला कोणी नसतं.

ऑगस्टअखेर काश्मीरमध्ये सोनमर्गहून चालायला सुरुवात केली. निचनाईची खिंड, विशनसर, किशनसर, सुमारे ४२०० मीटरवरची गडसरची खिंड, सतसर, मग ५१४२ मीटर उंच हरमुखच्या पायथ्याची नुंदकोल आणि गंगाबल ही तळी, आणि शेवटी नारानागला उतार. सॅक पाठीवर, स्वयंपाक माझा मी, पण मुक्काम नेहमीच्या कॅम्पच्या जागीच. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं, ते सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. डाळीचा हट्ट सोडा. विशनसरला, सुमारे ३७०० मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. मी पोहे आणि मेतकूट-भातावर निभावलं. भातासाठी तांदूळ आधी भिजवून ठेवायचे.

सतसरच्या दगडधोंड्यांत सड्यावरचा सराव थेट कामी आला. गडसरला दुपारी गारा पडल्या, तेव्हा फ्लाय आधी लावून आतली जाळी नंतर अडकवता येते या एका सोयीमुळे आतला भाग कोरडा राहिला. एकट्या माणसासाठी या सोयीला मी सगळ्यांत जास्त गुण देईन. स्वस्तातल्या बहुतेक टेंटमध्ये आधी आतला भाग उभा करावा लागतो, आणि पावसात तो भिजतो.

टेंट तळ्याला अगदी लागून लावू नका. ही तळी हिमनदीने कोरलेल्या परातीत आहेत. रात्री थंड, जड हवा उतारावरून घसरत येऊन तळाशी साचते, तिथेच पाण्याची वाफ, शिवाय आपला श्वास. पहाटे फ्लायच्या आतून थेंब ओघळतात आणि माणसाला वाटतं टेंट गळतोय. विशनसरला काठापासून वर, जरा उंचवट्यावर गेले आणि वरची खिडकी रात्रभर उघडी ठेवली, तर स्लीपिंग बॅग सकाळी जवळपास कोरडी होती.

आता घरची गोष्ट. फ्लायच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि पाणी तोच अडवतो. उष्ण, दमट हवेत हा लेप हळूहळू विघटित होतो. आधी आंबूस वास येतो, मग कापड चिकट होतं, शेवटी पापुद्रे सुटतात. माझ्या ओळखीत एकाने असाच टेंट पिशवीत घट्ट कोंबून माळ्यावर ठेवला होता. दोन पावसाळ्यांनंतर उघडला, तर घडीला घडी चिकटलेली. डोंगरात तो फारसा गेलाही नव्हता.

मी परत आले तेव्हा इथे पाऊस चालूच होता. आईने टेंट हातात घेतला आणि म्हणाली, "ओलसर आहे गं हा. असाच घडी करून ठेवलास तर वास मारेल." पडवीत दांडीवर पसरला, रोज उलटापालटा केला. कडक उन्हात मात्र वाळवू नका, उन्हाने नायलॉन कुजतं. आता तो सुती खोळीत सैल ठेवलेला असतो, तोही भिंतीला लागलेल्या कपाटात नाही, माजघरात टांगून. लेप अजून कोरडा आहे. पण शिवणीवरची एक पट्टी कोपऱ्यात सुटली. दुकानदाराने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले, म्हणून सीम सीलर, म्हणजे शिवणी बंद करायचा चिकट लेप, आणून मीच चिकटवली.

हिवाळ्यात गुहागरला सुरूच्या बनात हाच टेंट नेला. खाऱ्या हवेत खरी काळजी चेनची. बंदरावरच्या एका काकांनी सांगितलं, "गोड्या पाण्याने धू आधी, नाहीतर चेन अडकून बसेल." तेव्हापासून समुद्रावरून आलं की चेन आणि पोलचे सांधे धुऊन पुसते. वाळू राहिली तर स्लायडर झिजतो आणि चेनचे दात धरेनासे होतात.

पुण्यात राहणाऱ्याला हा टेंट मी लगेच घे म्हणेन. कोकणात राहणाऱ्याने मात्र ऐपत असेल तर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेला घ्यावा. तो महाग असतो, त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही म्हणून शिवणी हाताने सील कराव्या लागतात, पण दमटपणाने तो असा चिकट होत नाही. दुकानात फ्लाय उलटा करून पाहा आणि लेप कशाचा आहे ते विचारूनच पैसे द्या.