ओईटीचा स्पीकिंग पेपर: पेशंटशी इंग्रजीत बोलायची तयारी होते का?

एमबीबीएसला आपण केसशीट इंग्रजीत लिहितो, सरांसमोर केस इंग्रजीत मांडतो, पण पेशंटला इंग्रजीत प्रश्न विचारायची वेळ क्वचितच येते. मी मिरजेला शिकले. वॉर्डात "मावशी, कधीपासून दुखतंय? संडासला साफ होते का?" असं विचारायचं आणि तेच कागदावर इंग्रजीत उतरवायचं. आपलं डॉक्टरी इंग्रजी डॉक्टरांपुरतंच असतं. यूकेला यायचं म्हटलं की अडतं ते इथेच. म्हणून ओईटीच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स अशा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, फक्त स्पीकिंगबद्दल लिहितेय. हा पेपर मला मनापासून आवडला आणि इथे इंग्लंडच्या वॉर्डात त्याचा रोज उपयोग होतो.

यूकेत डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलला (जीएमसी) ओईटी २०१८ पासून चालते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत एकाच बैठकीत किमान ३५० गुण, म्हणजे बी ग्रेड लागते. स्पीकिंगमध्ये सुरुवातीच्या गप्पांना मार्क नसतात. मग दोन रोलप्ले होतात. प्रत्येक वेळी हातात कार्ड येतं, ते वाचायला तीन मिनिटं आणि बोलायला साधारण पाच. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. मार्क ती देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून परीक्षक देतात. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून निकालाचा अंदाज बांधत बसू नका. तुमचं वैद्यकीय ज्ञानही तपासलं जात नाही.

खरी गंमत गुणांकनात आहे. उच्चार, ओघ, व्याकरण हे तर बघतातच. पण पेशंटशी नातं कसं जोडलंत, त्याच्या मनातलं काढून घेतलंत का, माहिती कशी गोळा केलीत, संभाषणाला दिशा दिलीत का, समजावून कसं सांगितलंत, यांनाही वेगळे गुण असतात. आयईएलटीएस या सर्वसाधारण इंग्रजी परीक्षेत पेशंटशी बोलण्याचं यातलं काही नाही. तिथे आवडत्या सुट्टीबद्दल छान बोललं तरी भागतं.

आपल्या ओपीडीत रांग दारापर्यंत असते, त्यामुळे आपण हो-नाहीचे प्रश्न धडाधड विचारतो. ताप? खोकला? शुगर? बीपी? ओईटीत हीच सवय महागात पडते. आधी "व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?" विचारायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं अवघडच असतं. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या भेटी तपासल्या, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते. पेशंटचं बोलून झालं की मग जागा, सुरुवात, कळ कुठे जाते, कशाने वाढते, असं हळूहळू नेमक्या प्रश्नांकडे यायचं. आणि "इज देअर एनीथिंग यू आर पर्टिक्युलरली वरीड अबाउट?" हा प्रश्न विसरायचा नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला बऱ्याचदा वडिलांचा हार्ट अटॅक आठवत असतो, आणि तुम्ही विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही.

आता ओईटीत कमी काय पडतं ते. दारूचा इतिहास! आपण "ऑकेजनल" लिहून मोकळे होतो. इथे दारू युनिटमध्ये मोजतात: आठवड्याला १४ च्या वर नको असा सल्ला आहे, आणि चार टक्के बिअरचा एक पाइंट म्हणजे २.३ युनिट. पेशंट "अ कपल ऑफ पाइंट्स" म्हणाला की "रोज का? वीकेंडला किती?" असं सहज, नजरेत निवाडा न आणता विचारावं लागतं. हे ओईटीने शिकवलं नाही. आजी-आजोबांची बोलीही तिथे भेटत नाही. लघवीच्या तक्रारीला ते "वॉटरवर्क्स" म्हणतात, चक्कर येऊन गेली तर "फनी टर्न". आणि आपल्याकडे सासूबाईंचा सगळा इतिहास सूनच सांगते. इथे आधी पेशंटलाच विचारायचं, सोबतच्या माणसासमोर बोललेलं चालेल का हेही तिलाच विचारायचं.

फी जड आहे, आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त. तरीही पैसे असतील तर हीच द्या, कारण यातली तयारी पुढे प्लॅब २ ला, म्हणजे जीएमसीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, थेट कामी येते.

क्लासबद्दल मात्र सावध राहा. मी लावलेल्या ऑनलाइन क्लासमध्ये पाठ करायला वाक्यांची यादी दिली होती. दर दोन वाक्यांनी "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न" म्हणायचं, मग पेशंट काहीही सांगो. ऐकणाऱ्याला ते लगेच पोकळ वाटतं. त्यापेक्षा ओईटीच्या वेबसाइटवरची मोफत नमुना कार्डं घ्या आणि डॉक्टर नसलेल्या कुणाला तरी पेशंट करा. मी कॉमर्सच्या मावसबहिणीला बसवायचे. ती मध्येच भरकटायची, घाबरायची, "म्हणजे काय?" असं विचारायची. मेडिकलचा मित्र ते विचारत नाही, त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच बघा, तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुम्ही कितीदा बोलायला लागलात.