फॉन्ट साइज वाढवावी की डिस्प्ले साइज?

चाळिशीचा चष्मा गल्ल्यावर आणि फोन खिशात, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अँड्रॉइडवर अक्षरं मोठी करायचे दोन सरळ रस्ते आहेत, फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज. तिसरी एक आडवाट आहे, डेव्हलपर ऑप्शन्समधली (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या लपवलेल्या सेटिंगमधली) ‘स्मॉलेस्ट विड्थ’, म्हणजे ॲपला पडदा किती रुंद दाखवायचा तो आकडा. तिन्ही वापरून पाहिलंय. माझं काम सोलापुरात चादरी-टॉवेलच्या ऑर्डरींचं, त्यामुळे दिवसभर समोर व्हॉट्सॲप आणि बिलाचं ॲप. तुमचं काम वेगळं असेल तर निकालही वेगळा लागू शकतो.

नुसतं वाचायचं असेल तर फॉन्ट साइजला तोड नाही. बातम्या, लांबलचक मेसेज आरामात वाचता येतात आणि चित्रं, बटणं आहेत तशीच राहत असल्याने जागाही फार जात नाही. 2023 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 14 पासून अक्षर 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. त्यात बारीक अक्षर जास्त वाढतं, आधीच मोठं असलेलं शीर्षक कमी, हे मला फार आवडलं.

पण बिलाचं ॲप उघडलं की गाडी अडते. काही ॲपवाल्यांनी ओळीची उंची, चौकटीची रुंदी बांधून टाकलेली असते. अक्षर फुगतं, चौकट तेवढीच. इंग्रजीचं कसंबसं निभतं; आपल्याकडे वर रफार-वेलांटी, खाली उकार. ‘कुर्डुवाडी’चा वरचा रफार आणि खालचे उकार एकदमच उडायचे. हैदराबादकडच्या पार्ट्यांची नावं मी तेलुगूत ठेवलीत, त्यांच्याही अक्षराखालच्या जोडण्या छाटल्या जायच्या. तेही चालवून घेतलं असतं. रकमेचं मात्र नाही. 1,24,500 मधले 1,24,5 वरच्या ओळीत आणि 00 खाली. काही ठिकाणी तर खालची ओळ दिसायचीच नाही. समोर पार्टी उभी, ‘बाकी किती?’ म्हणून विचारतेय, आणि मी फोन आडवा करून शून्यं शोधतोय. माझा कौल तिथेच फिरला.

डिस्प्ले साइज 2016 च्या अँड्रॉइड 7.0 पासून सेटिंगमध्ये आहे. तिचं गणित वेगळं. 1080 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर डेन्सिटी (एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा) 420 असेल तर ॲपला तो त्याच्या मापात 411 एकक रुंद वाटतो. 480 केली तर 360. म्हणजे पडदा तोच, पण ॲपला वाटतं फोन लहान आहे. अक्षर, चौकट, बटण सगळं एकाच प्रमाणात वाढतं, म्हणून रफार जागेवर राहतो. शिवाय बाजारातले बरेच फोन मुळातच 360 रुंदीचे, त्यामुळे त्या मापावर ॲप सहसा नीट चालतं. माझ्या फोनवर रक्कम एका ओळीत आली, माझ्यापुरता प्रश्न मिटला.

किंमत मोजावी लागते, नाही असं नाही. एका नजरेत पार्ट्या कमी दिसतात, कीबोर्ड जाडजूड होतो, होम स्क्रीनवरची विजेटं इकडची तिकडे झाली ती पुन्हा लावावी लागली. शेजारचा दुकानदार मित्र बघून म्हणालाच, “आजोबाचा फोन घेऊन फिरायलास काय बे?” त्याचा स्वतःचा फोन हात लांब करून वाचणं चालू असतं, ते सोडा.

आडवाटेबद्दल थोडक्यात. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे स्मॉलेस्ट विड्थचा हिशोब उलटा आहे: आकडा वाढवला की सगळं बारीक होतं, आणि 600 च्या पुढे गेलात तर काही ॲप टॅब्लेटसारखी मांडणी करतात. एका पडद्यात जास्त मजकूर बसवायचा आहे अशा तरुण डोळ्यांना ही सोय छान, मनाजोगतं माप मिळतं. पण डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात. नव्या पेठेत गर्दीच्या वेळी काउंटरवर पैसे द्यायचे असताना हे परवडत नाही.

तेव्हा बिलं, खाती, यूपीआय हे रोजचं असेल, तर मी म्हणेन, आधी फॉन्ट साइज मूळ जागी आणा, मग डिस्प्ले साइज एक पायरी वाढवा. तरी डोळे ताणावे लागले तर त्यावर फॉन्टची एकच पायरी चढवा. फक्त व्हॉट्सॲपपुरती अडचण असेल तर सिस्टिमला हात लावायची गरज नाही, त्याच्या चॅट सेटिंगमध्ये फॉन्टची वेगळी निवड आहे. बदल केल्यावर सगळ्यात लांब नावाची आणि सगळ्यात मोठ्या बाकीची पार्टी उघडून बघा. ती नीट दिसली तर बाकीच्या दिसतीलच.