हेवी लायसन्स: उस्तादाच्या हाताखाली की ड्रायव्हिंग स्कूल?

भाच्याला ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जायचंय, त्याला हेवी म्हणजे अवजड वाहनाचं लायसन्स हवंय. उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, हाताखाली क्लीनर म्हणून राहू की स्कूलची फी भरू, हा त्याचा पेच.

खर्चाचं उघड आहे. स्कूलला पैसे मोजावे लागतात, क्लीनरला थोडे का होईना मिळतात. पण वेळ? मान्यताप्राप्त केंद्रात हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा. उस्ताद स्टेअरिंग कधी देईल ते त्याच्या मर्जीवर. तोवर ताडपत्री ओढा, रस्से आवळा, टायर ठोकून बघा.

हात मात्र तिथंच बसतो. भरलेली गाडी आंबा घाटात उतरवताना गिअर आधीच खाली घ्यायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची, हे रिकाम्या गाडीवर कळत नाही. पण उस्ताद उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणारा निघाला, तर तीच खोड लागते.

कागदांत क्लीनरकी लंगडी. वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं आणि स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, हवाच. शिवाय शिकाऊ लायसन्सशिवाय स्टेअरिंग धरणं बेकायदाच.

एसटी किंवा कंपनीची बस डोक्यात असेल तर सरळ स्कूल. पुण्याजवळ भोसरीची चालक-प्रशिक्षण संस्था परवडली तर उत्तम. घरचाच ट्रक असेल तर लायसन्स काढून भरवशाच्या उस्तादाबरोबर फिरावं.