ट्यूब टेस्टरचं किट घरी जोडलं, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

ॲम्पमधून (ॲम्प्लिफायरमधून) काढून ठेवलेल्या व्हॅक्यूम ट्यूबचा एक खोका माझ्याकडे कित्येक वर्षं पडून होता, त्यातली चांगली कुठली आणि गेलेली कुठली देव जाणे. शेवटी वैतागून हे किट मागवलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी चांगलं. जुने एमिशन टेस्टर (तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात का एवढंच बघणारे) सगळ्या ग्रिड, म्हणजे मधल्या जाळ्या, प्लेटला (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात तो भाग) जोडून ट्यूबचा नुसता डायोड करून टाकतात, काटा हिरव्यात गेला की पास! ॲम्पमध्ये ती ट्यूब कशी वागेल ते त्यातून फारसं कळत नाही. हे किट प्लेट आणि स्क्रीनला (दुसऱ्या ग्रिडला) खरे 250 व्होल्ट देतं, पहिल्या ग्रिडला मायनस बायस (करंट आवरणारा उणे व्होल्टेज), आणि प्लेट करंट मीटरवर दिसतो. मग बायस अर्धा व्होल्ट हलवायचा आणि करंट किती हलला बघायचं, झालं जीएम (ग्रिडच्या एका व्होल्टला करंट किती हलतो तो आकडा) मोजून. ईएल84 (ॲम्पमधली पॉवर ट्यूब) असेल तर उणे 7.3 व्होल्टला 48 मिलिॲम्पच्या आसपास हवेत आणि अर्ध्या व्होल्टला साधारण साडेपाचचा फरक पडला की ट्यूब ठणठणीत. फक्त घाई करू नका, चार-पाच मिनिटं तापू द्या, आकडा सरकत राहतो.

आता डोकेदुखी. सॉकेटच्या वायरी इतक्या लांब दिल्यात की पहिली ईएल84 लावली आणि करंट वेड्यासारखा उड्या मारायला लागला, हात जवळ नेला की आकडा वेगळा, लांब नेला की वेगळा, मी आपला ट्यूबलाच शिव्या देतोय. ट्यूब ऑसिलेट होत होती, म्हणजे आपणहूनच सिग्नल तयार करत होती! ग्रिडच्या पिनवरच 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि स्क्रीनला 100 ओहम सोल्डर केला, फेराइट बीड (वायरीवर घालायचे, असलं ऑसिलेशन दाबणारे मणी) घातले, मग कुठे शांत झाली. हे किटमध्ये आधीच असायला नको का?

दुसरा घोळ मात्र पूर्ण माझा. 12एएक्स7 (छोटी प्रीॲम्प ट्यूब) चा हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, 4 आणि 5 पिनवर घेतला तर 12.6 व्होल्ट लागतात, 4-5 एकत्र करून 9 शी घेतला तर 6.3. मी 4-5 लाच 6.3 दिले, करंट जेमतेम, आणि दोन चांगल्या ट्यूब कचऱ्यात टाकायला निघालो होतो.

गॅस टेस्टचा स्विच मला सगळ्यात आवडला. ग्रिडच्या वाटेत 470 किलोओहम येतो, ट्यूबमध्ये गॅस असेल (आतली निर्वात पोकळी बिघडली असेल) तर प्लेट करंट लगेच वर चढतो. मॅच्ड (दोन्हींचा करंट सारखा) म्हणून घेतलेल्या एका जोडीतली एक इथेच पकडली गेली, तशी ती जोडी 47 आणि 38 मिलिॲम्प निघाली हे वेगळंच, मॅच्ड म्हणे!

हा टेस्टर आवाज ऐकत नाही. हिस, टिचकी मारल्यावरची टणटण यातलं काही कळत नाही, त्यासाठी ट्यूब ॲम्पमध्येच लावावी लागते. आणि मॅन्युअलमध्ये कपॅसिटर डिस्चार्ज करण्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे, हा तर वेडेपणा आहे. पॉवर बंद केल्यावरही त्यात जीव घेण्याइतका व्होल्टेज राहू शकतो, मी ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) लावला आणि तरीही मल्टीमीटरने बघितल्याशिवाय आत हात घालत नाही.

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर घ्या. पहिलंच किट असेल तर हे नको. माझा खोका निम्मा रिकामा झालाय, उरलेल्यांवर स्केच पेनने आकडे लिहून ठेवलेत.