सेन्सॉरच्या फायलीतली खुशाली

टपाल खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे दुसऱ्याचं पत्र वाचायचं म्हटलं की अजून हात अडखळतो. तरी सांगतो, ब्रिटिश लायब्ररीने डिजिटल केलेले पहिल्या महायुद्धातले भारतीय शिपायांच्या टपालाचे सेन्सॉर अहवाल, म्हणजे त्यांची पत्रं तपासणाऱ्या सरकारी कचेरीचे अहवाल, जरूर वाचा.

मूळ कागद इथे नाहीत, टंकलिखित इंग्रजी उतारे आहेत. हस्ताक्षर नाही, शिक्का नाही. पण कोणी, कुठून, कोणाला, कोणत्या भाषेत लिहिलं याची नोंद प्रत्येक उताऱ्यावर. जुन्या सॉर्टरला आणखी काय हवं?

खरी गंमत शिपायांच्या हुशारीत आहे. काळी मिरी म्हणजे आपले जवान, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. सेन्सॉरचे प्रमुख कॅप्टन हॉवेल यांच्या कचेरीला हे डाव उमगत होते, म्हणूनच तर ते आज आपल्यापर्यंत पोचले. भावाला ‘भरती होऊ नकोस’ म्हणून बजावणारेही बरेच.

पुष्कळ शिपाई निरक्षर. पत्र सोबत्याकडून लिहून घ्यायचं, गावी ते तिसऱ्यानेच वाचून दाखवायचं. त्यात बायकोशी मनातलं काय बोलणार, कपाळ! म्हणून काही पत्रं कोरडी वाटतात, तेवढं चालवून घ्या.

पंजाबकडची पत्रं भरपूर, मराठी मात्र शोधत बसावं लागतं. नवख्याने १९१५ सालातली, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळातल्या जखमींची पत्रं आधी काढावीत.