जहाज दोर बांधायला दिलं, जाळी चिकटवून परत आलं

बाबा अडतीस वर्षं मुंबईच्या गोदीत सुतार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, एचएमएस त्रिंकोमालीची प्रतिकृती करायची आणि तीही सागवानातच. हे जहाज आपल्या मुंबईत बांधलेलं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते मलबारी सागात घडवलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. त्याचे पहिले नकाशे ज्या जहाजातून येत होते तेच अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, त्यामुळे दुसरी प्रत मागवावी लागली. बाबा ज्याला पठाण म्हणतात त्या तळच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांमध्ये सगळ्यात जुनं तेच. हे सांगताना बाबांचा आवाज आजही बदलतो.

एकास बहात्तर हे प्रमाण. दीडशे फुटांचा गनडेक, म्हणजे तोफांचा मजला, आमच्या टेबलावर दोन फुटांच्या थोडा वर आला. जुन्या चौकटीचं सागवान चिरून बाबांनी चार वर्षांत सांगाडा, फळ्या, तिन्ही डोलकाठ्या आणि शिडं बांधायची आडवी लाकडं, म्हणजे परबाणं, पूर्ण केली. राहिलं ते रिगिंग, म्हणजे दोरकाम. त्यात हजाराच्या वर बारीक गाठी असतात आणि बाबांचा हात आता थरथरतो. मला त्यातलं तेव्हा काहीच येत नव्हतं.

नेटवर एक गृहस्थ सापडले. जहाजांच्या प्रतिकृतींचं रिगिंग करून देतो म्हणाले, फोटो पाठवले. फोटो अप्रतिम होते. "ताई, लिननचा दोर वापरतो, प्रत्येक गाठ हाताने," असं फोनवर सांगितलं. मी १५,००० रुपये आगाऊ दिले. महिन्याभराने परदेशी लिननसाठी म्हणून ६,५०० घेतले. शेवटी १२,५०० दिल्याशिवाय जहाज पाठवणार नाही म्हणाले, तेही दिले. एकूण ३४,०००. पावती एकाचीही नाही, फक्त मोबाइलवरचे व्यवहार.

मधल्या काळात ते दर आठवड्याला फोटो पाठवायचे आणि मी ते बाबांना दाखवायचे. एकदा बाबा म्हणाले, "आपल्या डाव्या बाजूच्या फळीवर काळी रेघ आहे ना, ती दिसत नाही यात." सागाच्या त्या फळीत चौथ्या तोफेच्या खिडकीखाली बोटभर काळी शीर आहे, बाबांनी ती मुद्दाम ठेवली होती. मी म्हटलं, उजेडामुळे दिसत नसेल. तिथेच थांबून विचारायला हवं होतं. ते फोटो आमच्या जहाजाचे नव्हतेच, दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रतिकृतीचे होते.

खोकं उघडल्यावर लांबून सगळं छान दिसलं. दोरांचं जाळं दिसलं की नवख्या माणसाचे डोळे दिपतात, आणि फसवणारा नेमका त्याच्यावर अवलंबून असतो. बाबांनी भिंग घेतलं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड दोरांना श्राउड म्हणतात. त्यांच्यावर खलाशांना चढायला आडव्या दोऱ्या असतात, त्या रॅटलाइन. प्रत्येक रॅटलाइन प्रत्येक श्राउडला गाठ मारून बांधलेली असते. मी चिमट्याने एक रॅटलाइन हलकेच उचलली, तर पूर्ण पट्टा एकसंध सुटून आला. तयार जाळी कापून गोंदाने चिकटवलेली होती. गाठ एकही नव्हती.

श्राउडच्या खालच्या टोकाला डेडआय असतात, तीन भोकांचे गोल लाकडी ठोकळे. वरचा आणि खालचा डेडआय यांच्या भोकांतून बारीक दोरी ओवून श्राउड ताणतात. आमच्या जहाजाला प्लास्टिकचे मणी होते, भोकांच्या जागी नुसते खळगे, वरून दोरा गुंडाळलेला. सगळे दोर एकाच जाडीचे. खऱ्या जहाजावर डोलकाठीला पुढून ताणून धरणारा जाड दोर, म्हणजे मुख्य स्टे, आणि शीड ओढायची बारीक दोरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय कायमचे ताणलेले दोर डांबराने काळपट होतात आणि चालते दोर फिके राहतात. आमच्याकडे सगळंच पांढरं. लिनन म्हणून पैसे घेतलेल्या दोऱ्याचा तुकडा मी ताटलीत पेटवला. लिनन कागदासारखं जळून राख होतं, हा वितळून काळा कडक मणी झाला. सुपरग्लूच्या वाफेने सागाच्या डेकवर पांढुरके डाग पडलेत, त्याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे. बाबा काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने ते डाग पुसत राहिले.

तुम्ही असं काम देणार असाल तर कृपा करून आधी एकाच डेडआयच्या जोडीचा नमुना बांधून मागा, आणि तो हातात घेऊन भिंगाखाली बघा. कुठला दोर किती मिलिमीटरचा, ते लिहून घ्या. जुन्या यादीत दोराची जाडी इंचांत असते, पण तो घेर असतो. नऊ इंचांचा दोर म्हणजे साधारण ७३ मिलिमीटर व्यास, एकास बहात्तरला १ मिलिमीटर. हा हिशेब ज्याला पटकन सांगता येत नाही त्याच्या हाती जहाज देऊ नका. फोटोऐवजी तुमच्या जहाजाची खूण दिसेल असा व्हिडिओ मागवा. हप्ता काम बघून द्या, काम बघण्यासाठी नाही.

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की ते अडवणं कठीण होतं. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यांच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मी तक्रार तयार केली आहे. व्यवहारांचे तपशील, त्यांचे मेसेज, त्यांनी पाठवलेले फोटो आणि आमच्या काळ्या रेघेचा फोटो शेजारी शेजारी लावलेत. रागाच्या भरात मी एका बाजूची जाळी कापून टाकली होती. ती कचऱ्यातून काढून पिशवीत ठेवली आहे. दुसऱ्या बाजूला अजून हात लावलेला नाही.

कापलेली बाजू आता मी बांधतेय. श्राउडच्या जोड्या उजव्या बाजूच्या पुढच्या जोडीपासून सुरू करतात, मग डावी, मग परत उजवी, हे बाबांनी शिकवलं. पण डावीकडची जाळी पुरावा म्हणून तशीच ठेवली आहे, त्यामुळे सध्या मुख्य डोलकाठीवर एकच जोडी आहे. दोऱ्याला मधमाशीचं मेण लावायचं काम बाबांचं, ते हात थरथरत असतानाही नीट होतं.